जँगो प्रोजेक्टमध्ये टेस्टची फोल्डरं लावताना: नव्यांसाठी पायरी पायरीने

दिवाळीत वाचनालय पाच दिवस बंद होतं. उघडल्यावर एक निवृत्त शिक्षक पुस्तक परत करायला आले, तर आमच्या सॉफ्टवेअरने त्यांना दहा रुपये दंड दाखवला. रोजचे दोन, पाच दिवसांचे दहा. वाचनालय बंद असेल त्या दिवसांचा दंड धरायचा नाही, हा नियम कोडमध्ये होता. त्याची टेस्टही होती, म्हणजे नियम पाळला जातोय का ते तपासणारा छोटा कोड, मीच लिहिलेला. कुणीतरी दुसरी सुधारणा करताना नियम मोडला होता, पण टेस्ट ओरडली नाही.

ओरडणार कशी? ती धावतच नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी मी टेस्टच्या फाइली नीट फोल्डरांत लावल्या होत्या आणि त्या आवराआवरीत 81 टेस्ट रनरच्या, म्हणजे टेस्ट शोधून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, नजरेआड गेल्या. आधी 212 धावायच्या, नंतर 131. शेवटी 'ओके' येतच होतं, आणि वेळ 48 सेकंदांवरून 19 वर आली म्हणून मी वर खूशही होतो.

टेस्ट फेल गेली तर निदान कळतं. ती गपचूप गायब झाली तर काहीच कळत नाही. खालच्या बहुतेक पायऱ्या याच भीतीपोटी लिहिल्या आहेत. उदाहरण जँगोचं (पायथनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट) आहे आणि वाचनालयाच्याच प्रोजेक्टचं: त्यात 'सभासद', 'पुस्तके' आणि 'दंड' अशी तीन अ‍ॅप. फाइलींची आणि कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. तुम्ही मशीनवर नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करा.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- चालू स्थितीतला प्रोजेक्ट, ज्यात आज सगळ्या टेस्ट पास होतात. आधीच काही फेल असतील तर ते आधी निस्तरा, नाहीतर नंतर कोणती कशामुळे फेल गेली याचा पत्ता लागणार नाही.
- गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), आणि या कामापुरती वेगळी ब्रँच.
- रफ किंवा फ्लेक8 यांपैकी एक लिंटर, म्हणजे कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणारं साधन. का, ते पाचव्या पायरीत.
- टीममधल्या बाकीच्यांना एक निरोप: 'आज टेस्टच्या फाइलींना हात लावू नका.' हा निरोप न देता काम केलंत तर मर्ज करताना संध्याकाळ जाईल.

1. आधी मोजदाद

ज्या फोल्डरमध्ये मॅनेज.पाय आहे तिथेच उभे राहा. हे मुद्दाम सांगतोय, कारण कमांडला काही नाव दिलं नाही तर रनर तुम्ही ज्या फोल्डरमध्ये आहात तिथून खाली शोधतो. चुकून आतल्या एखाद्या फोल्डरमधून चालवलंत तर तेवढ्याच टेस्ट सापडतील.

मग `मॅनेज.पाय टेस्ट -व्ही 2` चालवा. या 'व्ही 2'मुळे प्रत्येक टेस्टचं नाव वेगळ्या ओळीवर छापलं जातं. हे सगळं एका फाइलीत साठवून ठेवा. इथे पहिली ठेच लागते: नेहमीच्या बाणाने (`>`) आउटपुट फाइलीत वळवलं, तर टेस्टची यादी स्क्रीनवरच राहते आणि फाइलीत भलत्याच चार ओळी येतात. जँगोचा रनर ज्यावर उभा आहे तो पायथनचा युनिटटेस्ट आपला निकाल एरर स्ट्रीमवर लिहितो, म्हणून दोन्ही स्ट्रीम एकत्र वळवाव्या लागतात.

तळाची 'रॅन 212 टेस्ट्स' ही ओळ कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा. मी खरंच चिकटवतो.

2. फोल्डर लागतंय का, ते बघा

`स्टार्टअ‍ॅप` कमांड प्रत्येक अ‍ॅपमध्ये एक टेस्ट्स.पाय फाइल तयार करून देते. लहान अ‍ॅपला ती पुरते. आमच्या 'सभासद' अ‍ॅपमध्ये आजही एकच फाइल आहे, दीडशे ओळींची, आणि तिला मी हात लावलेला नाही. सगळ्या अ‍ॅपमध्ये एकसारखी रचना हवी म्हणून प्रत्येकी तीन ओळींच्या पाच फाइली करून ठेवणारे लोक असतात. त्यांच्या प्रोजेक्टमध्ये काही शोधायचं म्हणजे रिकाम्या खोल्यांची दारं उघडत फिरणं.

फाइल वर-खाली करताना हात दुखायला लागला, किंवा दोघांचे बदल एकाच फाइलीत वारंवार आपटू लागले, की फोल्डर करा. 'दंड' अ‍ॅपची फाइल 1,900 ओळींवर गेली होती. ती मात्र फार आधी फोडायला हवी होती.

3. फोल्डर करा, आणि दोन गोष्टी विसरू नका

'दंड'च्या आत `टेस्ट्स` नावाचं फोल्डर करा. त्यात पहिली फाइल टाका ती `__इनिट__.पाय`, दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असलेली, आतून पूर्ण रिकामी. माझ्या 81 टेस्ट या एका फाइलीपायी गेल्या. ती नसेल तर शोध घेणारा रनर त्या फोल्डरकडे पॅकेज म्हणून बघत नाही आणि न बोलता पुढे जातो. एरर नाही, वॉर्निंग नाही. फोल्डरच्या आत आणखी फोल्डर केलंत तर त्यातही ही फाइल हवी, प्रत्येक पातळीवर.

नेटवर जुनी उत्तरं वाचाल तर या फाइलीत सगळ्या टेस्ट इम्पोर्ट करायला सांगितलेलं दिसेल. ती उत्तरं त्या काळी बरोबर होती. जँगो तेव्हा टेस्ट फक्त मॉडेल्स.पाय आणि टेस्ट्स.पाय यांच्यातच शोधायचं. 2013 साली 1.6 आवृत्ती आली आणि रनर स्वतःच फाइली हुडकू लागला. आता ती फाइल रिकामीच ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे जुनी टेस्ट्स.पाय. ती तिथे ठेवू नका. एकाच नावाची फाइल आणि फोल्डर शेजारी राहिले की दोन प्रकार होतात. फोल्डरमध्ये इनिट फाइल असेल, तर पायथन फोल्डरला पसंती देतो आणि रनर 'टेस्ट्स मॉड्यूल चुकीच्या ठिकाणाहून इम्पोर्ट झालं' अशा अर्थाची इम्पोर्ट एरर देतो. त्या संदेशाच्या शेवटी 'हे मॉड्यूल ग्लोबली इन्स्टॉल केलंय का?' असा प्रश्नही असतो. त्या प्रश्नाच्या मागे लागून नवे लोक व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट पुन्हा बनवतात. काही गरज नाही, जुनी फाइल हलवा. इनिट फाइल नसेल, तर उलटं होतं: जुनी फाइल धावत राहते आणि नव्या फोल्डरकडे कुणी बघतही नाही. हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण सगळं आलबेल दिसतं.

म्हणून पहिला कमिट एवढाच करा: `गिट एमव्ही`ने जुनी फाइल जशीच्या तशी नव्या फोल्डरमध्ये, `टेस्ट_सगळं.पाय` अशा तात्पुरत्या नावाने. सोबत इनिट फाइल. आत बदल करायचा तो फक्त इम्पोर्टच्या ओळींत. फाइल एक पातळी खाली गेली, त्यामुळे 'एका टिंबाचे' इम्पोर्ट आता दोन टिंबांचे होतील. त्यापेक्षा अ‍ॅपच्या नावाने पूर्ण पत्ता लिहिलेला बरा, म्हणजे पुढच्या वेळी फाइल हलवली तरी तो तुटणार नाही. ही चूक झाली तर निदान लाल एरर येते, त्यामुळे तिची फार चिंता नाही. टेस्टमध्ये नमुन्याची एखादी सीएसव्ही फाइल 'या फाइलीच्या शेजारी' अशा पत्त्याने उघडत असाल, तर तीही सोबत हलवा.

टेस्ट चालवा. 212? पुढे चला.

4. फाइलींची वाटणी

बहुतेक ठिकाणी सांगतात की कोडच्या फाइलींची सावली टेस्टमध्ये पाडा: मॉडेल्सला `टेस्ट_मॉडेल्स.पाय`, व्ह्यूजला `टेस्ट_व्ह्यूज.पाय`, फॉर्म्सला `टेस्ट_फॉर्म्स.पाय`. सुरुवातीला हे ठीक आहे. नव्या माणसाला फाइल चटकन सापडते.

पण 'बंद दिवसांचा दंड धरू नये' ही टेस्ट कुठे टाकाल? दंड मोजण्याचं काम मॉडेलच्या मेथडमध्ये, सुट्ट्यांची यादी वेगळ्या टेबलात, सभासदाला दिसणारा आकडा व्ह्यूमधून. मी ती आधी व्ह्यूजच्या फाइलीत टाकली होती, माझ्या सहकाऱ्याने तशीच एक मॉडेल्सच्या फाइलीत लिहिली, आणि नियम बदलला तेव्हा एकच दुरुस्त झाली. त्यानंतर आम्ही ठरवलं की धंद्याचा नियम असेल तर त्याची फाइल नियमाच्या नावाने. आज 'दंड'चं फोल्डर असं दिसतं:

```
दंड/
    मॉडेल्स.पाय
    व्ह्यूज.पाय
    टेस्ट्स/
        __इनिट__.पाय
        बेस.पाय
        फॅक्टरीज.पाय
        टेस्ट_बंद_दिवस.पाय
        टेस्ट_माफी.पाय
        टेस्ट_पावती.पाय
        टेस्ट_व्ह्यूज.पाय
```

`टेस्ट_व्ह्यूज`मध्ये आता फक्त लॉगिन नसेल तर काय, चुकीचा पत्ता टाकला तर काय, एवढंच उरलंय. ग्रंथपाल मॅडमनी फोन करून 'माफीचं काहीतरी बिघडलंय' म्हटलं की कोणती फाइल उघडायची ते सांगावं लागत नाही. तुमचं अ‍ॅप नुसतं माहिती भरा-दाखवा प्रकारचं असेल, तर पहिली पद्धत पुरेशी आहे. दोन्हींची खिचडी चालते, फक्त एकच नियम दोन फाइलींत राहू देऊ नका.

नावाबद्दल एक सक्त नियम: फाइलीचं नाव 'टेस्ट'ने सुरू व्हायला हवं. जँगोचा रनर मुळात टेस्टने सुरू होणाऱ्या पायथन फाइलीच उघडतो. `बंद_दिवस_टेस्ट.पाय` असं नाव दिलंत तर ती फाइल त्याच्या लेखी नाहीच. पायटेस्ट या दुसऱ्या टेस्ट रनरला मात्र शेवटी `_टेस्ट` असलेली नावंही चालतात, त्यामुळे तिकडून आलेली माणसं हमखास इथे फसतात. मेथडचंही तसंच, नाव टेस्टने सुरू झालं तरच ती धावते. घाईत 'टेस्ट'ची अक्षरं उलटीपालटी टाइप झाली की तेवढी एक मेथड कायमची सुट्टीवर.

जाता जाता: अख्ख्या अ‍ॅपलाच 'टेस्ट' नाव देऊन प्रयोग करायला जाल तर `स्टार्टअ‍ॅप` नकार देईल. त्या नावाचं मॉड्यूल पायथनमध्ये आधीच आहे.

5. कापा, चिकटवा, पण लिंटर लावून

मोठी फाइल फोडताना एक क्लास उचलायचा, नव्या फाइलीत टाकायचा, टेस्ट चालवायच्या, आकडा बघायचा, कमिट. कंटाळवाणं आहे, पण एका क्लासला दोन मिनिटं लागतात.

यात घात होतो तो एकाच नावाने. वेगवेगळ्या ठिकाणचे दोन क्लास एका फाइलीत आणले आणि दोघांचंही नाव `दंडटेस्ट` निघालं, तर पायथन तक्रार करत नाही. खालचा क्लास वरच्याला पुसून टाकतो आणि वरच्यातल्या सगळ्या टेस्ट जातात. एका क्लासमध्ये एकाच नावाच्या दोन मेथड आल्या तरी तेच. रफ किंवा फ्लेक8 लावलं की एफ811 या क्रमांकाची सूचना येते, 'हे नाव पुन्हा वापरलंय' अशी. माझ्या 1,900 ओळींच्या फाइलीत तर फोडण्याआधीच असा एक प्रकार लपलेला होता. म्हणजे ती टेस्ट कित्येक महिने धावलीच नव्हती, आणि तो दोष मी फोल्डरांवर ढकलू शकत नाही.

6. सामायिक कोड कुठे ठेवायचा

नमुन्याचा सभासद, नमुन्याचं पुस्तक, तारीख मागे सरकवणारं फंक्शन, असा माल प्रत्येक टेस्टला लागतो. तो `फॅक्टरीज.पाय`मध्ये. सगळ्यांना लागणारी मांडामांड `बेस.पाय`मधल्या एका क्लासमध्ये. या फाइलींची नावं टेस्टने सुरू करू नका. `टेस्ट_हेल्पर्स` किंवा `टेस्टडेटा` म्हटलंत की रनर तीही टेस्टची फाइल समजून उघडतो.

बेस क्लासमध्ये टेस्ट मेथड लिहू नका. तो क्लास सहा जणांनी वारसा म्हणून घेतला तर ती मेथड सहा वेळा धावते. इथे आकडा कमी होण्याऐवजी वाढतो, आणि वाढलेला आकडा बघून कुणी शंका घेत नाही.

मांडामांडीचा डेटा `सेटअप`ऐवजी `सेटअप_टेस्ट_डेटा`त टाका. पहिलं प्रत्येक मेथडआधी धावतं, दुसरं क्लासला एकदाच. शंभर पुस्तकं तयार करायची असतील तर फरक घड्याळात दिसतो.

7. अ‍ॅपच्या आत की प्रोजेक्टच्या मुळाशी?

यावर लोक तावातावाने भांडतात. जँगोच्या स्वतःच्या सोर्स कोडमध्ये टेस्ट मूळ पॅकेजच्या बाहेर, शेजारच्या `टेस्ट्स` फोल्डरमध्ये आहेत. पण ती लायब्ररी आहे. वापरणाऱ्याच्या मशीनवर टेस्ट जायची गरज नसते. आपल्या वेबसाइटचं तसं नाही. टेस्ट अ‍ॅपच्या आत ठेवा. अ‍ॅप काढून टाकलं की टेस्टही जातात, कोड बघणाऱ्याला शेजारीच टेस्ट दिसते.

अपवाद एक. सभासद नोंदवला, पुस्तक दिलं, उशीर झाला, दंड भरला, असा तिन्ही अ‍ॅपमधून जाणारा प्रवास तपासणाऱ्या टेस्ट कुणा एका अ‍ॅपच्या नसतात. त्या आम्ही मॅनेज.पायच्या शेजारी `प्रवास` नावाच्या फोल्डरमध्ये ठेवल्यात. इनिट फाइलसकट, हे आता सांगायला नको.

8. हळू टेस्टसाठी वेगळं फोल्डर नको

'युनिट' आणि 'इंटिग्रेशन' अशी दोन फोल्डरं करण्याची सवय इतर भाषांतून येते. माझ्या मते जँगोत ते काम क्लास निवडण्याने आणि टॅगने जास्त चांगलं होतं. डेटाबेस लागत नसेल तर `सिंपलटेस्टकेस`. त्यात चुकून क्वेरी गेली तर टेस्ट फेल जाते, म्हणजे शिस्त आपोआप राहते. डेटाबेस लागतो तिथे `टेस्टकेस`, जो प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळून शेवटी मागे घेतो. कमिट झाल्यानंतरचं वागणं किंवा लॉक तपासायचं असेल तेव्हाच `ट्रान्झॅक्शनटेस्टकेस`, कारण तो दर वेळी टेबलं रिकामी करतो आणि त्यात वेळ जातो. ज्या टेस्ट फारच रेंगाळतात त्यांना 'हळू' असा टॅग लावा आणि रोजच्या कामात `--एक्स्क्लूड-टॅग`ने वगळा. रात्रीच्या रनमध्ये मात्र सगळ्या.

`--पॅरलल` (टेस्ट एकाच वेळी समांतर चालवण्याचा पर्याय) वापरणार असाल तर क्लास लहान ठेवा. कामाची वाटणी क्लासवार होते. दोनशे टेस्टचा एकच क्लास असेल तर एक कोअर घाम गाळतो, बाकीचे बसून राहतात.

9. पायटेस्ट वापरत असाल तर

पायटेस्ट-जँगो लावलं की मुळातली टेस्ट्स.पाय ही फाइल पायटेस्टला दिसत नाही, कारण त्याला `टेस्ट_`ने सुरू किंवा `_टेस्ट`ने संपणारी नावं हवी असतात. ज्या अ‍ॅपमध्ये तुम्ही एकच फाइल ठेवली ते अख्खं गळतं. पायटेस्ट.आयएनआय फाइलीत `पायथन_फाइल्स` या ओळीत तिचं नाव जोडा. इथे इनिट फाइल नसली तरी टेस्ट सापडतात, पण दोन अ‍ॅपमध्ये `टेस्ट_व्ह्यूज.पाय` असेल तर 'इम्पोर्ट फाइल मिसमॅच' अशी एरर येते. उपाय तोच, इनिट फाइल ठेवा.

10. फोल्डरबाहेर सांडणाऱ्या गोष्टी

टेस्टसाठी जँगो वेगळा डेटाबेस बनवतं, ईमेल बाहेर जाऊ देत नाही. त्यामुळे सगळंच वेगळं असेल असं वाटतं. अपलोड केलेल्या फाइली मात्र खऱ्या मीडिया फोल्डरमध्येच जातात. आमच्याकडे मुखपृष्ठाच्या टेस्टमुळे तिथे पांढऱ्या चौकोनांच्या हजारभर फाइली साठल्या होत्या. `ओव्हरराइड_सेटिंग्ज`ने मीडियाची जागा तात्पुरत्या फोल्डरकडे वळवा, बेस.पाय हीच त्याची जागा. कॅशही वेगळी मिळत नाही, ती टेस्टच्या सुरुवातीला स्वतः रिकामी करा.

11. मर्ज करण्याआधी

पुन्हा `-व्ही 2` चालवून दुसरी यादी काढा. फाइली हलल्यामुळे पूर्ण पत्ते बदललेले असतात आणि क्रमही. म्हणून दोन्ही यादींतून फक्त मेथडची नावं, म्हणजे ओळीतला पहिला शब्द, वेगळी काढून क्रमाने लावा आणि मग ताडून बघा. आकडा जुळला तरी यादी बघाच. एक टेस्ट गेली आणि एक दुप्पट झाली तरी बेरीज तीच येते.

मग प्रत्येक नव्या फाइलीतली एक टेस्ट मुद्दाम मोडा, म्हणजे दोनच्या जागी तीन लिहा, आणि रन करा. चार फाइली केल्या असतील तर चार लाल ओळी दिसायला हव्यात. तीनच दिसल्या तर चौथी फाइल रनरला सापडलेली नाही. इनिट फाइल आणि फाइलीचं नाव बघा. चारही दिसल्या की मोडलेलं मागे घ्या आणि पुल रिक्वेस्टच्या वर्णनात दोन्ही आकडे लिहा: आधी 212, नंतर 212.